बाळंतपणाचा कर्ता कोण?

नातू झाल्याचा फोन ब्रॅम्पटनहून सांगलीला येतो, तेव्हा पहिला प्रश्न बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, हा असतो. दुसराही ठरलेला: नॉर्मल की सिझर? उत्तर ‘सिझर’ असलं की पलीकडून एक ‘बरं’ येतं. त्यात काळजी असते आणि थोडी हळहळही. कॅनडात आज दर दहा बाळंतपणांतली सुमारे तीन शस्त्रक्रियेने होतात. म्हणजे ही हळहळ वाट्याला येणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत.

त्यांतल्या अनेकींना सुटल्यासारखं वाटतं. चोवीस तास कळा देऊन थकलेल्या बाईला ऑपरेशन थिएटरचा दरवाजा देवळाच्या दारासारखा वाटला, तर त्यात नवल नाही. पण काहीजणींच्या मनात महिनोन्‌महिने एकच वाक्य घोळत राहतं: मी कुठे जन्म दिला, डॉक्टरांनी बाळ काढलं. ‘बाळ धडधाकट आहे ना, मग रडतेस काय?’ असं म्हणून घरचे तिला गप्प करतात. ती बाळाबद्दल बोलतच नसते. तिचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा असतो, फक्त तो टाके ओले असताना विचारलेला असतो. जन्म देणं ही आईने केलेली कृती आहे की तिच्या बाबतीत घडलेली घटना?

धर्मग्रंथांनी हा प्रश्न टाळलेला नाही. ज्यूंच्या मिश्नामध्ये, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, कुशीतून काढलेल्या मुलाचा स्वतंत्र विचार आहे. अशा जन्मानंतर आईला बाळंतपणाचं अशौच नाही आणि अर्पणही नाही, असं बहुमत. रब्बी शिमोन यांना ते मान्य नव्हतं; त्यांच्या मते हाही इतरांसारखाच जन्म. ज्येष्ठ पुत्राला सोडवून घेण्याचा विधी सिझेरियनने जन्मलेल्या मुलाचा करत नाहीत, ही रीत धार्मिक ज्यू घरांत आजही पाळली जाते, मॉन्ट्रियल आणि टोरांटोतही. ज्या मुलाने गर्भाशयाचं दार उघडलं तोच तिथे पहिला.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. ‘नवनाथ भक्तिसारा’त कानिफनाथ हत्तीच्या कानातून येतात, जालिंदरनाथ यज्ञकुंडातून, गोरक्षनाथ उकिरड्यातून. महाभारतात मांधाता राजा युवनाश्वाची डावी कूस फोडून बाहेर येतो, आणि राजा मेला नाही हेही कथा आवर्जून सांगते. बुद्धाचा जन्म मायादेवीच्या उजव्या कुशीतून झाल्याची कथा आहे. नेहमीची वाट सोडून येणं हे आपल्या पुराणांत थोरपणाचं लक्षण आहे. त्याच पोथ्यांचं पारायण करणाऱ्या घरात सुनेचं सिझर मात्र उणं ठरतं.

इतिहासाने या उणेपणाला थोडं कारण दिलंय. कूस चिरणं ही फार काळ मेलेल्या आईवरची क्रिया होती. सुश्रुताने निदानस्थानात तेच सांगितलंय: प्रसूतीच्या वेळी आई दगावली आणि कूस हलताना दिसली, तर वैद्याने ताबडतोब ती चिरून बाळ बाहेर काढावं. आई आणि मूल दोघंही वाचल्याची नोंद असलेल्या सुरुवातीच्या मोजक्या शस्त्रक्रियांत 1826 सालची केपटाउनची एक आहे. ती करणारे लष्करी सर्जन जेम्स बॅरी 1857 मध्ये कॅनडातल्या लष्करी इस्पितळांचे मुख्य निरीक्षक म्हणून मॉन्ट्रियलला आले. 1865 मध्ये बॅरी वारले, आणि जन्मभर पुरुष म्हणून वावरलेला हा सर्जन देहाने स्त्री होता, ही गोष्ट उघड झाली.

कर्तेपणाच्या प्रश्नावर जास्त उपयोगी पडते ती गीता. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना क्रिया आणि दैव. हे माप बाळंतपणाला लावलं तर ‘नॉर्मल’चा तोराही थोडा उतरतो. कळा कुणी इच्छेने आणत नाही; गर्भाशय आपलं आपण आकुंचन पावतं. सिझरमध्ये साधनं बदलतात, क्रिया दुसऱ्या हातांच्या असतात. अधिष्ठान, म्हणजे तो देह, आईचाच राहतो. मग उणं नेमकं काय पडतं?

टोरांटो विद्यापीठातल्या परिचर्येच्या प्राध्यापक एलन हॉडनेट यांनी 2002 मध्ये बाळंतपणातल्या वेदना आणि बायकांचं समाधान यांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. चार गोष्टी सगळ्यांत वरचढ ठरल्या: बाईच्या अपेक्षा, मिळालेला आधार, काळजी घेणाऱ्यांशी जुळलेलं नातं आणि निर्णयातला तिचा सहभाग. वेदना किंवा वैद्यकीय उपाय यांचा प्रभाव त्यांच्याइतका नव्हता. सोसलेल्या कळांवर आईपण मोजणाऱ्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

निर्णय तरी कुणाचा, हेही सरळ नसतं. टोरांटोच्याच मेरी हॅना यांच्या नेतृत्वाखाली 26 देशांत पायाळू बाळांच्या प्रसूतीची चाचणी झाली. 2000 साली निष्कर्ष आला की ठरवून केलेलं सिझेरियन बाळासाठी अधिक सुरक्षित, आणि जगभर पायाळू म्हटलं की सिझर असं समीकरण झालं. पुढे 2004 मध्ये त्याच मुलांच्या दोन वर्षांनंतरच्या पाहणीत मृत्यू किंवा विकासातल्या विलंबाच्या बाबतीत फरक दिसला नाही. 2009 मध्ये कॅनडाच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने निवडक बायकांसाठी नैसर्गिक प्रसूतीचा पर्याय पुन्हा खुला केला. मधल्या वर्षांत कितीतरी आयांना ‘दुसरा मार्ग नाही’ एवढंच ऐकायला मिळालं.

मुहूर्त पाहून सिझर करवून घेणाऱ्यांना ग्रहांचंही कर्तेपण आपल्याकडे घ्यायचं असतं. कॅनडातल्या सरकारी इस्पितळात तारीख थिएटरच्या वेळापत्रकाप्रमाणे मिळते, अमृतसिद्धी योग पाहून नव्हे. शिवाय जन्मवेळ कुठली धरायची, पहिल्या रडण्याची की नाळ कापल्याची, यावर ज्योतिषीच एकमताचे नाहीत. सटवाई बरी. ती सहाव्या रात्री येते, बाळ कुठल्या वाटेने आलं याची चौकशी न करता कपाळावर लिहून जाते.

निर्णय कुणाचा, हा वाद कॅनडात एकदा कोर्टातही गेला. 1987 मध्ये व्हँकुव्हरच्या एका बाईने पायाळू बाळासाठी सुचवलेल्या सिझेरियनला नकार दिला. डॉक्टरांनी बालकल्याण खात्याला कळवलं आणि खात्याने पोटातलं मूलच ‘ताब्यात’ घेतलं. शस्त्रक्रियेच्या तोंडावर बाईने होकार दिला, बाळ सुखरूप जन्मलं. तरीही पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने ठरवलं की खात्याचा अधिकार जन्मलेल्या मुलापुरताच आहे; मूल पोटात असताना आईच्या देहावर खात्याची सत्ता चालत नाही. 1997 मध्ये मॅनिटोबातल्या एका वेगळ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही गर्भाच्या नावाखाली आईला डांबता येणार नाही असं सांगितलं.

कायदा एवढा स्पष्ट असूनही 2017 मध्ये इव्हॉन बॉयर आणि ज्युडिथ बार्टलेट यांचा अहवाल आला. सॅस्कॅटूनमध्ये मूलनिवासी बायकांवर बाळंतपणाच्या धामधुमीतच नसबंदीसाठी दबाव आणला गेल्याच्या हकिगती त्यात आहेत. तिथल्या आरोग्य प्रशासनाने त्या बायकांची जाहीर माफी मागितली.