वजनकाटा पाप-पुण्य मोजत नाही



वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलेली माणसे आता आपल्या नात्यागोत्यात भेटू लागली आहेत. डॉक्टर तिला बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. अशी व्यक्ती मिस्सानंतर चर्चच्या आवारात दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती किलो उतरले?" पहिल्या वर्षी उत्तर देताना तिचा चेहरा फुलतो. पुढे वजन एका जागी थांबते, आणखी काही वर्षांनी थोडे परतही येते. मग तोच प्रश्न टोचू लागतो. मागून कुजबुजही कानावर येते, "लाखो रुपये घातले, पण जिभेवर ताबा नाही!"

या कुजबुजीत एक निवाडा दडलेला आहे. ज्याचे वजन उतरले तो संयमी, ज्याचे उतरले नाही तो खादाड. हा निवाडा खरा आहे का, याचा आज आपण विचार करू या.

प्रथम शरीराचे ऐकू. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात व उरते ती एक अरुंद नळी. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत माणसाचे थोडक्यात पोट भरते आणि भुकेची संप्रेरकेही बदलतात. पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत जास्त उतरते. त्यानंतर शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेऊ लागते. ते भूक वाढवते आणि ऊर्जा जपून खर्च करते. दुष्काळात तग धरण्यासाठी लाभलेला हा गुण येथे आडवा येतो.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. म्हणजे १२० किलोचा माणूस ८२ किलोवर आला आणि दहा वर्षांनी ९० किलोवर गेला. लोकांना परत आलेले आठ किलो दिसतात. न परतलेले तीस किलो कोणी मोजत नाही. शिवाय ही सरासरी आहे. कोणाचे वजन याहून अधिक घटते, कोणाचे कमी. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. काट्यावर न दिसणारे हे फळ आहे. मधुमेह आटोक्यात येणे, जिना चढताना धाप न लागणे, रात्री शांत झोप लागणे हीही तशीच फळे आहेत.

"पण खादाडपणा हे सात प्रमुख पापांपैकी एक आहे ना?" असे कोणी विचारील. होय, आहे. मात्र ख्रिस्तसभेने त्याचा अर्थ कसा लावला ते पाहावे. सहाव्या शतकातील पोप संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांची चर्चा केली. वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचाच हव्यास धरणे, फार खाणे, अधाशीपणे खाणे आणि पदार्थाच्या तयारीत अति चोखंदळ असणे. पाचांपैकी एकच प्रकार प्रमाणाविषयी आहे! खादाडपणा म्हणजे अन्नाविषयीची अनावर वासना. ती सडपातळ माणसातही असू शकते. काट्यावर उभे करून पाप कळत नाही. खुद्द प्रभू येशूलाही त्याच्या टीकाकारांनी खादाड म्हणून हिणवले होते, हे मत्तयच्या शुभवर्तमानात आपण वाचतो.

माणसाला आकड्यात मोजले की काय होते, हे २०१७ साली मुंबईने पाहिले. इजिप्तमधील इमान अहमद ही सुमारे ५०० किलो वजनाची तरुणी त्या वर्षी फेब्रुवारीत विमानाने उपचारांसाठी येथे आली. मार्चमध्ये तिची शस्त्रक्रिया झाली. तिचे वजन किती उतरले याच्या बातम्या रोज झळकू लागल्या. पुढे तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला. डॉक्टर म्हणत होते की ३०० किलोहून अधिक वजन घटले. बहिणीला ते मान्य नव्हते. मे महिन्यात इमानला अबू धाबीला नेण्यात आले आणि २५ सप्टेंबरला तेथे ती देवाघरी गेली. त्या वादात कोण बरोबर होते, हे ठरवणे आपले काम नाही. पण तिचा आकडा साऱ्या जगाला पाठ झाला. तिला काय वाटते, हे किती जणांनी विचारले?

मग माणसाची काहीच जबाबदारी नाही का? आहे. दोष आणि जबाबदारी यांत फरक आहे. पाऊस किती पडावा, हे शेतकऱ्याच्या हाती नाही. बांध घालणे मात्र त्याच्या हाती आहे. शस्त्रक्रियेनंतर थोडे थोडे व सावकाश खाणे, डाळी, अंडी, मासे यांसारख्या प्रथिनांना ताटात पहिली जागा देणे, चालणे, दारूपासून दूर राहणे, ब-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आयुष्यभर चालू ठेवणे आणि नेमाने तपासणीला जाणे, हा तो बांध आहे.

इथेच आपली कुजबुज घात करते. वजन वाढले याची लाज वाटून माणूस डॉक्टरांकडे जाणे टाळतो. गोळ्या सुटतात, रक्त कमी होते, मन खचते. वास्तविक वजन परत येण्यामागे एखादे औषध असू शकते, थायरॉइड असू शकतो, नैराश्य असू शकते, आणि त्यावर उपाय असतात. ज्याला दोषी ठरवले आहे तो तोंड लपवतो; ज्याला समजून घेतले आहे तो मदत मागतो. म्हणून आपला निवाडा केवळ कठोर नाही, तो अपायकारकही आहे.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने तो प्रश्नच नाकारला आणि तो त्या माणसाच्या मदतीला गेला. ख्रिस्तसभेची १९९२ची धर्मशिक्षणपुस्तिकाही सांगते की आरोग्य ही देवाची देणगी आहे आणि ते जपण्यासाठी व्यक्तीला समाजाचे साहाय्य हवे. शरीराची पूजा करू नये, असेही तीच सांगते.

तेव्हा आपल्या धर्मग्रामात आपण एवढे तरी करू या. लग्नात, बारशाला, नाताळच्या फराळाला "एक नेवरी तरी घे" म्हणून कोणाच्या मागे लागायचे आणि नंतर त्याच माणसाच्या पोटाकडे बोट दाखवायचे, हे थांबवू या. ताट अर्धे राहिले तर कारण विचारू नये. आणि भेटल्यावर किलो विचारण्याऐवजी विचारावे, "बरे वाटते ना? संध्याकाळी फिरायला येऊ का सोबत?"

जी माणसे ही शस्त्रक्रिया करून आज निराश झाली आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. आपण नापास झालेला नाहीत. तपासणीची तारीख चुकली असेल तर या आठवड्यात जाऊन या. देवाने आपल्याला नावाने हाक मारली आहे, वजनाने नव्हे.