संघ किती जणांचा?

धर्मसाधना एकट्याने करावी की इतरांच्या संगतीत, हा प्रश्न भारतीय परंपरांमध्ये फार जुना आहे. परंतु त्याच्या पोटात असलेल्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो, आणि तो असा, की ज्या साधनेचे स्वरूपच सामुदायिक आहे तिची एकत्र जमण्याची वाट बंद झाली तर साधकाने काय करावे, आणि त्याने शोधलेला पर्याय साधना केव्हा ठरतो व त्या साधनेची नुसती आठवण केव्हा ठरतो. महाराष्ट्रात कोविडच्या साथीमुळे 2020 आणि 2021 या दोन वर्षांत हा प्रश्न ग्रंथांतून उठून लाखो लोकांच्या घरात आला, आणि त्याचे एक विशेष रूप विरारच्या लोकलगाड्यांत पाहायला मिळाले.

विरार पूर्वेकडील मनवेलपाड्यासारख्या वस्त्यांत नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड विरारला अशी असंख्य कुटुंबे राहतात. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे 60 किलोमीटरचे असून जलद गाडीलाही दीड तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि रोजच्या या प्रवासातच तिथल्या भजनी मंडळांचा जन्म झाला. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेली माणसे, एकाच्या पिशवीत टाळांचे जोड, दुसऱ्याकडे ढोलकी, बुवांनी गजर करून रूपाचा अभंग धरावा, बाकीच्यांनी चाल उचलावी, वाटेत गवळण व्हावी आणि उतरण्याचे स्थानक जवळ आले की भैरवीने सांगता व्हावी, असा हा क्रम असतो. डब्यातील इतर प्रवाशांना या आवाजाचा त्रास होतो, हा आक्षेप खरा आहे आणि मंडळांनी तो मनावर घ्यायला हवा. तरीही ज्या माणसाला घरी पहाटेच्या काकड्यासाठी किंवा संध्याकाळच्या हरिपाठासाठी सवड उरत नाही, त्याच्यापुरते हा डबा हेच देऊळ होते, हे नाकारता येत नाही. 22 मार्च 2020 च्या मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या थांबल्या. त्या वर्षीच्या 15 जूनपासून त्या फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागल्या. सर्वसामान्य प्रवाशांना 1 फेब्रुवारी 2021 पासून ठरावीक वेळांत प्रवेश मिळाला, तो दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाला, आणि लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी 15 ऑगस्ट 2021 रोजी परत खुला झाला. मार्च 2020 मध्ये राज्यातील मंदिरेही बंद झाली होती, त्यामुळे डबा गेला म्हणून देवळाच्या सभामंडपात बसावे, ही सोयही उरली नव्हती.

पर्याय अर्थातच शोधले गेले, आणि त्यांतून साधनेच्या निरनिराळ्या अंगांचा जो स्वभाव उघड झाला तो तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मोबाइलवर प्रक्षेपित होणारे कीर्तन घरबसल्या ऐकता आले, आणि श्रवण ही नवविधा भक्तीतील पहिली भक्ती असल्याने त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीचे पारायणही दूरस्थपणे बऱ्यापैकी साधते, कारण 18 अध्याय वाटून घेऊन एकाने वाचावे आणि इतरांनी पोथीवर नजर ठेवावी, ही त्याची मूळ रीतच आळीपाळीची आहे. भजनाचे मात्र तसे नाही. व्हिडिओ कॉलवर आवाज एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचण्यास जो क्षणभर उशीर लागतो, त्याने टाळ टाळाशी जुळत नाही. म्हणून एकाने गायचे आणि बाकीच्यांनी आपापले ध्वनिग्राहक बंद ठेवायचे, अशी तडजोड करावी लागते, आणि तिच्यामुळे टाळकऱ्याचा श्रोता होतो. भजनात गाणारा जितका गातो तितकाच तो शेजाऱ्याकडून सावरला जातो; चुकलेला ठेका त्याला कोणी बोलून दाखवत नाही, इतरांचे हातच त्याला समेवर आणून सोडतात. गमावले गेले ते हे सावरले जाणे होय. एकत्र जमण्याला असलेला पर्याय तपासताना विचारण्याचा प्रश्नही यातूनच हाती येतो: या नव्या व्यवस्थेत एका साधकाची चूक दुसऱ्याच्या कानी पडू शकते का, आणि दुसऱ्याचे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचू शकते का?

हा प्रश्न ज्या परंपरेने सर्वांत बारकाईने हाताळला तिच्या खुणा मनवेलपाड्यापासून थोड्याच अंतरावर आहेत. नालासोपाऱ्याजवळच्या ज्या टेकाडाला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणत, त्याचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये केले आणि तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही मिळाला. या आठव्या लेखाचा विषय येथे विशेष लागू पडतो. पूर्वीचे राजे मृगयेसारख्या करमणुकीच्या यात्रा करीत, त्याऐवजी अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधिस्थानास जाऊन धम्मयात्रा सुरू केल्या, असे त्यात सांगितले असून या यात्रांची कामे म्हणून श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची भेट आणि जनपदातील लोकांना उपदेश यांच्याबरोबर धम्माविषयीची विचारपूस म्हणजे प्रश्नोत्तरे यांचाही उल्लेख आहे. राजाज्ञा खडकावर कोरून सर्वांसमोर ठेवता येत असतानाही स्वतः जाऊन विचारणे आणि विचारू देणे अशोकाला आवश्यक वाटले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, कारण शिळा सांगू शकते, पण तिला कोणी शंका विचारली तर ती उत्तर देऊ शकत नाही.

बौद्ध भिक्षुसंघाचे नियम ज्यात संग्रहित आहेत त्या विनयपिटकातील महावग्ग या ग्रंथात, संघ जमवणे अशक्य झाले तर काय करावे, याचे प्रत्यक्ष प्रकरण आले आहे. अवंती देशातील सोण कुटिकण्ण या तरुणाला उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुत्वाची दीक्षा, घ्यायची होती. तिच्यासाठी किमान 10 भिक्षूंचा गण लागे, आणि त्या दूरच्या प्रदेशात भिक्षू इतके विरळ होते की त्याचे गुरू महाकच्चान यांना 10 जण एकत्र आणायला 3 वर्षे लागली. पुढे सोण बुद्धदर्शनासाठी श्रावस्तीला निघाला तेव्हा गुरूंनी त्याच्यासोबत ही अडचण कळवली, आणि बुद्धांनी सीमेबाहेरच्या प्रदेशांत 5 जणांच्या गणाने उपसंपदा द्यावी अशी अनुज्ञा दिली. मात्र त्या पाचांत एक विनयधर, म्हणजे नियमांचा जाणकार, असलाच पाहिजे अशी अट घातली. त्या ग्रंथात दिलेल्या सीमा पाहता अपरान्त, म्हणजे सोपाऱ्यासह कोकणची किनारपट्टी, याच सवलतीच्या प्रदेशात येते. संख्या निम्म्यावर आणता आली, पण नवागताने योग्य विधीने प्रवेश केला की नाही हे सांगू शकणारा माणूस वगळता आला नाही. कोणत्याही पर्यायात काय कमी करता येते आणि काय करता येत नाही, याचा इतका स्पष्ट निवाडा प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळतो.

उपोसथाचे नियम याच विचाराला आणखी खोल नेतात. उपोसथ म्हणजे पंधरवड्यातून एकदा भिक्षूंनी एकत्र जमून पातिमोक्खाचे, अर्थात आचारनियमांच्या संहितेचे, पठण करणे आणि ज्याच्याकडून दोष घडला असेल त्याने तो प्रकट करणे. संघ म्हणवून घेण्यासाठी किमान 4 भिक्षू लागतात आणि तितके असतील तरच पठण होते; 3 किंवा 2 असतील तर पठण होत नाही, त्यांनी एकमेकांना आपण परिशुद्ध असल्याचे सांगायचे असते; आणि एकच असेल तर त्याने आज माझा उपोसथ आहे असा मनाशी संकल्प करायचा, ज्याला अधिष्ठान म्हणतात. परंतु हा संकल्प करण्याची परवानगी त्याला लगेच मिळत नाही. भिक्षू जिथे येऊन बसतात ती जागा त्याने आधी झाडावी, पाणी भरून ठेवावे, आसने मांडावीत, दिवा लावावा आणि वाट पाहावी. कोणी आले तर त्यांच्यासह उपोसथ करावा, आणि कोणीच आले नाही तरच अधिष्ठान करावे, असा नियम आहे. एकान्ताला येथे मान्यता आहे, पण इतरांसाठी जागा तयार ठेवल्यानंतरची. ज्याने दार लावून घेऊन आपल्यापुरते भागवले त्याची साधना आणि ज्याने आसने मांडून कोणी न आल्याने एकट्याने केली त्याची साधना, या दोन्ही बाहेरून सारख्या दिसल्या तरी विनयाच्या दृष्टीने भिन्न आहेत, आणि हा भेद अतिशय न्याय्य आहे.

नुसते शरीराने एकत्र असणे पुरेसे आहे, असे मात्र यावरून कोणी समजू नये. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचे, महिने भांडणतंटा टाळण्यासाठी एकमेकांशी अक्षरही न बोलता काढले आणि आपण सुखाने राहिलो असे बुद्धांना सांगितले, तेव्हा त्यांनी या मौनाला पशूंचा सहवास ठरवून त्याचा निषेध केला आणि प्रवारणेचा विधी सांगितला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्षूने इतरांना, माझ्याविषयी जे पाहिले, ऐकले वा शंकिले असेल ते मला सांगा, अशी विनंती करायची, हे त्या विधीचे स्वरूप आहे. व्हिडिओ कॉलवर जमलेल्या पाच जणांनी अभंगाच्या अर्थावर एकमेकांना अडवून प्रश्न विचारले तर ते या कसोटीला उतरतात, आणि डब्यात खांद्याला खांदा लावून बसूनही प्रत्येकाने आपल्याच कानात आपापले भजन ऐकले तर ते उतरत नाहीत.

वारकरी परंपरेने साथीच्या काळात याच दिशेने पाऊल टाकले. 2020 मध्ये पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह 30 जून रोजी एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि 1 जुलैची आषाढी एकादशी पार पडली. लाखोंच्या वतीने थोड्यांनी जायचे, हे वारकरी परंपरेच्या मूळ रचनेला परके नाही, कारण अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते आणि पहाऱ्याच्या क्रमाने ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, म्हणजे एका वेळी एकच उभा असतो पण त्याच्या उभे राहण्यात पुढच्याची वाट पाहणे गृहीत असते. कोकणातल्याच बेने इस्राएल या ज्यू समाजापुढे हा प्रश्न याहून कठोर रूपात आला. ज्यू धर्मात सार्वजनिक प्रार्थनेसाठी मिन्यान, म्हणजे परंपरेनुसार 10 प्रौढ पुरुषांची उपस्थिती, लागते. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेल्याने अलिबाग-रेवदंड्याकडच्या सिनेगॉगमध्ये ही संख्या जमणे अवघड झाले, आणि तेथे व्यक्तिगत प्रार्थना करता येत असली तरी सामुदायिक प्रार्थनेचे काही भाग दहावा माणूस येईपर्यंत म्हणता येत नाहीत. या नियमाने माणसांची गैरसोय होते हे खरे, पण न आलेल्या दहाव्या माणसाची उणीव तो कोणाला विसरू देत नाही.

आतापर्यंतचा विचार वाट बंद झालेल्या साधकाच्या बाजूने झाला. आत असलेल्यांचे कर्तव्य त्याहून कमी नाही, किंबहुना विनयाने ते अधिक ठळकपणे मांडले आहे. आजारी भिक्षूने आपली परिशुद्धी दुसऱ्याकरवी कळवावी. ते शक्य नसेल तर त्याला खाटेवर घालून संघासमोर आणावे. हलवल्याने त्याचा आजार बळावेल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले तर संघाने त्याच्याकडे जाऊन तेथे उपोसथ करावा. पण त्याला सोडून अपुऱ्या संघाने तो करू नये. गाड्या पूर्ववत झाल्यावर डब्यातली भजने पुन्हा सुरू झाली, तेव्हा सगळेच परतले असे झाले नाही, कारण कोणाची नोकरी गेली होती, कोणी निवृत्त झाले होते, कोणाचे काम घरूनच चालू राहिले होते आणि काही जण हयात नव्हते. अशा वेळी ज्यांची जागा रिकामी राहिली त्यांच्या घरी महिन्यातून एकदा टाळ घेऊन जाणे ही मंडळाची मेहेरबानी नसून मंडळाच्या पूर्णत्वाची अट आहे, असे या नियमाच्या आधारे म्हणता येते. घरातल्या एकान्तात ज्यांची साधना खरोखर स्थिरावली आणि ज्यांना आता डब्याची गरज उरली नाही, अशांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचेही उत्तर महावग्गात आहे. राजगृहाजवळच्या मद्दकुच्छी उद्यानात राहणाऱ्या महाकप्पिन या स्थविराच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूच्या, मनात आले, की आपण परम विशुद्धीने शुद्ध आहोत, मग उपोसथाला जावे की न जावे. तेव्हा बुद्ध स्वतः त्याच्याकडे गेले आणि तुमच्यासारख्यांनीच उपोसथाचा आदर केला नाही तर दुसरे कोण करील, असे विचारून त्यांनी त्याला संघाकडे जाण्यास सांगितले. महाकप्पिनाला संघाकडून मिळवण्यासारखे काही उरले नव्हते, हे बुद्धांनी नाकारले नाही. नवशिक्यांना मात्र त्याच्याकडून पुष्कळ मिळायचे होते, आणि ज्या बुवांना आता घरीच समाधान लाभते त्यांच्याकडून चाल शिकण्यासाठी विरारच्या गाडीत पहिल्यांदाच टाळ हाती घेतलेली मुले त्याच अपेक्षेने बसलेली असतात.