वाट पाहणाऱ्याचं देणं

24 जून 2021 रोजी रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी यांनी जिओफोन नेक्स्टची घोषणा केली. गुगलच्या साथीनं बनवलेला, अगदी सामान्य माणसाला परवडेल असा स्मार्टफोन येणार होता, आणि तोही 10 सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर. किंमत त्या दिवशी सांगितली गेली नाही, तारीख मात्र सांगितली गेली. महाराष्ट्रात गणेश चतुर्थी म्हटलं की ती कुणाला लक्षात ठेवावी लागत नाही.

ते वर्ष आठवून बघा. मार्च 2020 पासून शाळा बंद होत्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं सरकार सांगत होतं आणि शिक्षकही जीव तोडून प्रयत्न करत होते. पण शिक्षण पोचत होतं ते व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकमधून. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागायची, तिनं लहान मुलांना मोठाच आधार दिला. वरच्या वर्गांतल्या मुलांना मात्र फोनला फारसा पर्याय नव्हता. आणि नालासोपारा, विरार, वसई पूर्वेच्या कितीतरी घरांत फोन एकच. तो वडिलांच्या खिशात बसून सकाळी वालीव-सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांत जायचा आणि रात्री घरी यायचा. मग पोरं दहा वाजता दिवसभराचे व्हिडिओ उघडायची, तोवर नेटचा पॅक संपलेला असायचा किंवा डोळे मिटायला लागलेले असायचे. शिक्षणाच्या स्थितीबद्दलच्या ‘असर’ अहवालाच्या 2021 च्या पाहणीत ग्रामीण भारताचं जे चित्र दिसलं ते आपल्या शहरी वस्त्यांपेक्षा फार वेगळं नसावं: घरात स्मार्टफोन असूनही साधारण एक चतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नव्हता.

त्याच ऑगस्टमध्ये लसीचे दोन डोस झालेल्यांना लोकल खुली झाली आणि पासासाठी पुन्हा फोनच लागला. सरकारला तेव्हा निदान हे सुचलं की सगळ्यांकडे स्मार्टफोन नसतो, म्हणून स्थानकांवर आणि वॉर्ड ऑफिसांत कागदी पासाचीही सोय ठेवली गेली. शाळेच्या बाबतीत असा दुसरा दरवाजा फारसा नव्हता. म्हणून स्वस्त फोनची तारीख जाहीर झाली तेव्हा, इतरांना जी व्यापाराची बातमी वाटली असेल, ती या घरांना शाळेची बातमी वाटली.

9 सप्टेंबरच्या रात्री, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या रात्री, कंपनीचं निवेदन आलं. फोनच्या चाचण्या अजून सुरू आहेत, जगभर चिपचा तुटवडा आहे, तेव्हा फोन दिवाळीच्या सुमारास येईल.

चिपचा तुटवडा खराच होता, हे आधी मान्य केलं पाहिजे. 2020 मध्ये टाळेबंदीच्या धास्तीनं मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या, त्याच वेळी घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप आणि फोनची मागणी वाढवली. पुढच्या वर्षी जपानमधल्या एका मोठ्या चिप कारखान्याला आग लागली, टेक्सासमध्ये हिमवादळानं कारखाने बंद पडले. अशा वेळी एखादा फोन दोन महिने लांबला तर त्यात पाप काही नाही. कच्च्या चाचणीवर घाईघाईनं फोन बाजारात ढकलण्यापेक्षा थांबणं हाच प्रामाणिकपणा. त्यामुळे उशिराबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती सांगण्याच्या वेळेबद्दल. तुटवडा काही रातोरात आलेला नव्हता, ते संकट वर्षभर बातम्यांत होतं. मारुती सुझुकीनं 31 ऑगस्टलाच जाहीर केलं होतं की चिप मिळत नसल्यामुळे सप्टेंबरमध्ये हरियाणा आणि गुजरातच्या कारखान्यांत नेहमीच्या साधारण 40 टक्केच उत्पादन होईल. ही माहिती शेअर बाजाराला दिली गेली. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना भाव वर-खाली करू शकणाऱ्या गोष्टी वेळेत कळवाव्या लागतात, असा नियमच आहे. ज्याचे शंभर शेअर आहेत त्याच्या जाणून घेण्याच्या हक्कामागे कायदा उभा आहे. पण ज्यानं फोनसाठी तीन महिने पैसे बाजूला टाकले, त्याच्या मागे कोण उभं आहे?

कायद्याच्या भाषेत तर तो अजून ग्राहकच नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे पैसे देऊन, किंवा देण्याचं कबूल करून, वस्तू विकत घेणारा तो ग्राहक. ज्यानं नुसती वाट पाहिली, त्याच्याकडे पावती नाही आणि बुकिंग नंबरही नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करता येते, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूबद्दलच्या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं असाही नियम आहे. हे सगळं चांगलं आहे. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा, सत्तरच्या दशकात, ग्राहकाला दाद मागायला एवढीही जागा नव्हती. पण विकत न घेता थांबलेल्या माणसाचं जे नुकसान होतं, ते या कुठल्याच खणात बसत नाही. तिथे कायदा थांबतो. समोरच्याची सदसद्विवेकबुद्धी तेवढी उरते, आणि म्हणूनच हा विषय या स्तंभाचा आहे.

वाट पाहण्याला पैसे पडतात. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो थांबत नाही, तो दुसरा फोन घेतो. थांबतो तो ज्याला दुसरा परवडत नाही. थांबलेल्या काळात तो जुन्या फोनची बॅटरी बदलून घेत नाही, कारण नवा येणारच आहे. पुतण्याचा वापरलेला फोन दोन हजारांत मिळत असतो, तोही नाकारतो. भिशी उचलायचा महिना पुढे-मागे करून घेतो. आणि या सगळ्यात मुलीचा एकेक धडा मागे पडत जातो.

त्या सप्टेंबरात नालासोपारा पूर्वेला एका मोबाइलच्या दुकानात मी कामासाठी उभा होतो. दुकान म्हणजे जेमतेम आठ फुटांचा काउंटर, काचेखाली कव्हरं आणि चार्जर, मागे रिचार्जची पोस्टरं. काउंटरवरचा मुलगा विशीतला, एका फोनवर स्क्रीनगार्ड बसवत होता. काचेवर बोट फिरवून एकेक बुडबुडा कडेला सरकवत होता. एक बाई आल्या. हातात डबा, ओढणीवर कसल्यातरी चमकीचे कण, म्हणजे गाळ्यातून सुटून थेट आलेल्या. ‘‘दादा, आला का रे तो फोन?’’ मुलगा म्हणाला, ‘‘नाही मावशी, दिवाळीला येणार म्हणतात.’’ ‘‘अरे, गणपतीला देणार होतास ना?’’ मुलगा गप्प. मग त्या जे बोलल्या ते ऐकवत नव्हतं. तुम्ही सगळे असेच, गरिबाला खेळवता, माल दाबून ठेवता, जास्त पैसेवाल्याला देता. पाठीमागचे दोघं-तिघंही त्यात सामील झाले. मुलानं उलट एक शब्द काढला नाही. दहा-बारा हजार पगाराच्या त्या पोरानं कुठलीही तारीख दिलेली नव्हती. त्यानंही ती बातमीत वाचली होती, आणि ‘कधी येणार’ या प्रश्नाचं उत्तर डिस्ट्रिब्युटरच्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

बाईंचा राग खरा होता, आणि त्याला पुरेसं कारणही होतं. पण तो पोचला चुकीच्या दारात. तारखेची घोषणा मोठ्या व्यासपीठावरून होते आणि ती मोडल्याचा हिशेब गल्लीतल्या काउंटरवर चुकता होतो. बँकेच्या खिडकीवरची क्लार्क, गॅस सिलिंडर घेऊन येणारा, डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणारा, लोकल उशिरा आली की स्टेशनवरचा तिकीट तपासनीस, ही सगळी माणसं दुसऱ्याच्या शब्दाची शिक्षा भोगत असतात. आपण त्यांच्यावर ओरडतो कारण ती समोर असतात. आणि ज्यांनी शब्द दिला त्यांना या ओरडण्याचा आवाजही जात नाही. अन्याय मग दोन ठिकाणी होतो: थांबणाऱ्यावर आणि काउंटरवरच्या मुलावर. शब्द देणाऱ्यानं वेळेत तोंड उघडलं असतं तर दोन्ही टळले असते.

इथे एक फरक नीट केला पाहिजे. फेब्रुवारी 2016 मध्ये नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीनं 251 रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात केली होती, ‘फ्रीडम 251’. वर 40 रुपये पाठवणीचे. पहिल्याच दिवशी वेबसाइट कोसळली, कोट्यवधी लोकांनी नाव नोंदवलं. 30 जूनपर्यंत फोन घरी पोचवू असं आश्वासन होतं. मोबाइल उद्योगाच्या संघटनेनं तेव्हाच हिशेब मांडला की अशा फोनच्या नुसत्या सुट्या भागांचेच साधारण 2,700 रुपये होतात. खासदार किरीट सोमय्यांनी चौकशीची मागणी केली. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरनं झाकलेलं सापडलं. कंपनीनं आगाऊ भरलेले पैसे परत करायचं जाहीर केलं आणि पुढे 2017 मध्ये तिच्या संचालकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. अशा ठिकाणी पोलीस आहेत, न्यायालय आहे. जिओफोन नेक्स्टचं तसं नव्हतं. तो फोन खराखुरा होता आणि उशिरा का होईना, आला. पण फसवणूक झाली नाही एवढ्यावर समाधान मानायचं असेल तर मोठ्या, सचोटीनं चालणाऱ्या कंपन्यांकडून आपण फारच थोडं मागतो आहोत.

वेळेत सांगणं म्हणजे काय, ते आमच्याकडे फुलवाल्यांना ठाऊक आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातले बागायतदार पिढ्यान् पिढ्या पहाटेच्या गाडीनं दादरला फुलं घेऊन जातात. मोगरा, चाफा, जास्वंद. लग्नाची ऑर्डर घेतली आणि रात्रीच्या पावसानं कळ्या झडल्या, तर बागायतदार संध्याकाळीच निरोप धाडतो, ‘उद्या माझ्याकडून होणार नाही, दुसरीकडे बघा.’ त्या निरोपानं त्याचं गिऱ्हाईक तुटत नाही. उलट दुसऱ्या वेळी त्याच्याकडेच लोक येतात. त्याला ठाऊक असतं की फुलं नसणं लोक समजून घेतात, पण मांडवात उभं राहिल्यावर कळलेलं समजून घेत नाहीत.

मला सगळ्यात जास्त खुपली ती मात्र तारीख नव्हे, किंमत. जूनमध्ये किंमत सांगितली नव्हती, सप्टेंबरमध्येही नाही. ती जाहीर झाली 29 ऑक्टोबरला, फोन दुकानात यायच्या आठवडाभर आधी: 6,499 रुपये. किंवा 1,999 आधी, वर 501 प्रक्रिया शुल्क, आणि बाकीचे 18 किंवा 24 महिन्यांच्या हप्त्यांत. चार महिने लोक हा फोन तीन-चार हजारांचा असेल असं धरून चालले होते. ‘परवडणारा’ या शब्दावर त्यांनी आपापला आकडा घातला होता. 6,500 च्या आसपास बाजारात दुसरे फोन आधीपासून होते. ही किंमत जूनमध्ये कळली असती तर वालीवच्या गाळ्यात काम करणाऱ्या माणसानं जूनमध्येच ठरवलं असतं, थांबायचं की नाही. ठरवण्याचा तो हक्क त्याच्याकडून काढून घेतला गेला. एक रुपयाही न घेता एखाद्याचे चार महिने अडवून ठेवता येतात, हे यातलं खरं दुखणं.

महागड्या फोनसाठी थांबणाऱ्यांनाही राग येतोच. सप्टेंबर 2025 मध्ये आयफोन 17 च्या विक्रीच्या पहिल्या दिवशी मुंबईत बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानाबाहेर पहाटेच्या रांगेत धक्काबुक्की झाली, सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. त्या मुलांच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही, हौसही माणसाचीच असते. पण हौसेचा राग आणि गरजेचा राग एका तागडीत घालू नये. हौसेचा फोन दोन महिने उशिरा मिळाला तर दोन महिने कमी मिरवता येतं. गरजेचा उशिरा मिळाला तर सहामाहीचा अभ्यासक्रम निघून जातो.

जिओफोन नेक्स्ट 4 नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला, ठरल्या तारखेपासून 55 दिवसांनी. तोवर 4 ऑक्टोबरला शहरांतल्या आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या होत्या आणि पहिलं सत्र संपून दिवाळीची सुट्टी लागली होती. ज्यांनी मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी वाट पाहिली होती, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची गरज त्या दिवसापुरती तरी मागे पडली होती.

पुढच्या वेळी कुठलीही कंपनी गोरगरिबांसाठीची वस्तू सणाच्या मुहूर्तावर जाहीर करेल, तेव्हा तिच्याकडे मागायच्या गोष्टी अवघड नाहीत. तारखेसोबत किंमत सांगा, निदान कमाल किंमत. तारीख डळमळीत असेल तर जाहीर करतानाच तसं सांगा. लांबणार असं दिसू लागलं की महिनाभर आधी सांगा, गुंतवणूकदारांना सांगता तितक्याच तत्परतेनं. आणि ते फक्त इंग्रजी निवेदनात नको. नालासोपाऱ्याच्या आठ फुटी दुकानाच्या काचेवरही मराठी आणि हिंदीत एक छापील कागद लावा: फोन का लांबला, आता कधी येणार, केवढ्याला मिळणार, म्हणजे काउंटरवरच्या पोराला बोट ठेवून दाखवता येईल. त्याखाली कंपनीचा फोन नंबर असू द्या, आणि तो उचलला जाऊ द्या.