जादा कार्बोरेटर

जुहूच्या खाऱ्या वाऱ्यात माझी प्रीमियर पद्मिनी रोज थोडी गंजते. कुर्ल्याच्या कारखान्यात आता नवी पद्मिनी बनत नाही. म्हणजे एक चालती ठेवायची, तर दुसरी खोलावी लागते. ऑक्टोबर २०२३मध्ये २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. शहर हळहळलं, आम्हा हौशींच्या मनात मात्र आलं, आता पार्ट मिळतील!

माझ्याकडे एक कार्बोरेटर जादा आहे. थांबलो तर त्याचा भाव चढेल. पण त्याच्यावाचून कुणाची तरी गाडी उभी आहे. तो घेतल्या भावातच द्यावा, असं मला वाटतं. माझी गाडीही कुणीतरी सोडून दिलेल्या भागांवरच चालते. कपाटात ठेवला तर तो माल. गाडीत बसला तर पार्ट.