एकच माप

बीडच्या पश्चिमेस अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, व उत्तरेस जालना. दोन्हीकडे एकोणिसाव्या शतकांत ख्रिस्ती मिशनांचीं ठाणीं होतीं. अहमदनगराहून १८४२ सालीं निघालेल्या 'ज्ञानोदया'नें पुराणांतील भूगोल खोडून काढण्यास पाश्चात्त्य शास्त्रांची मदत घेतली, आणि तें वाजवीच होतें. क्षीरसमुद्र नकाशावर सांपडत नाहीं. पुढें १८५९ सालीं डार्विनचा ग्रंथ निघाला. तीच शास्त्रें आतां बायबलांतील 'उत्पत्ती'कडे वळलीं, तेव्हां शास्त्र सर्वज्ञ नव्हे याची आठवण अनेक भाविकांस झाली.

ही शंका टाकाऊ आहे असें मला वाटत नाहीं. १९५३ सालीं अमेरिकेंत स्टॅन्ली मिलर यांनीं पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन काचपात्रांत कोंडून त्यांत विजेच्या ठिणग्या सोडल्या. प्रथिनांचे घटक असलेलीं अमिनो आम्लें तयार झालीं. जीव झाला नाहीं. विटा भाजल्या म्हणजे वाडा उभा राहिला असें म्हणणाऱ्यास अडविण्याचा हक्क श्रद्धावंतास आहेच.

परंतु पहिला जीव कसा झाला हें अज्ञात, म्हणून बालाघाटाच्या काळ्या पाषाणाचें वयहि अज्ञात ठरत नाहीं. तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. शिवाय शास्त्राच्या उणिवेंतच देवास जागा शोधणाऱ्यानें, ती उणीव उद्यां भरून निघाली तर काय करावें?

क्षीरसमुद्रास लावलेलें माप सृष्टीच्या सहा दिवसांस लावतांना हात कां आंखडतो, असें मी ख्रिस्ती मित्रांस विचारतों. त्यांनीं उलट विचारल्यास मलाहि खालीं पाहावें लागेल. दशावतारांत डार्विन शोधणारीं वडील माणसें आमच्या घरीं अजून आहेत.