लहान आतड्यासाठी प्रार्थना

देवा, हृदयासाठी तुझे आभार मानणारे पुष्कळ आहेत. मी आज लहान आतड्यासाठी हात जोडले आहेत.

सुमारे सहा मीटर लांबीची ही नळी तू एवढ्याशा पोटात घड्या घालून बसवलीस. धावत लोकल पकडतानाही तिला पीळ पडू नये म्हणून एका पातळ पडद्याने तिला पाठीकडच्या बाजूला धरून ठेवलंस, आणि त्याच पडद्यातून तिचा रक्तपुरवठाही नेलास.

जठरातलं आंबट अन्न ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, उतरतं. ग्रहणी जेमतेम वीतभर, पण इथेच पित्त येऊन स्निग्धाचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचा रस आम्लाची धग शमवतो. प्रथिनं तोडणारी द्रव्यं त्या रसात निद्रिस्त येतात आणि आतड्याच्या भिंतीशी पोहोचल्यावरच जागी होतात. आधीच जागी झाली असती तर त्यांनी स्वादुपिंडच पचवलं असतं. इतका पुढचा विचार तू केलास! उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीला टांगून सुकवलेला बोंबील असो की मीरा रोडच्या डब्यातली डाळ-पोळी, ही भिंत दुजाभाव करत नाही.

त्या भिंतीवर तू लाखो रसांकुर उभे केलेस, त्यांतल्या पेशींवर आणखी सूक्ष्म केसर. सगळं पसरलं तर सुमारे ३० चौरस मीटर होईल, आमच्या भाईंदरमधल्या एका वन-रूम-किचनएवढं. त्यावरचं अस्तर तू तीन ते पाच दिवसांत नवं करतोस, आणि आम्हाला कळतही नाही.

पण माझं मन सर्वांत भरून येतं ते मिठापाशी. ग्लुकोजचा कण या पेशीत शिरतो तो मिठातल्या सोडियमचा हात धरून, आणि दोघांच्या मागोमाग पाणी आत जातं. पटकीने आतडं पाण्यासारखं वाहू लागतं, तेव्हाही हे दार तू उघडं ठेवतोस. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच दारावर विश्वास ठेवला. पाण्यात मीठ आणि ग्लुकोज मिसळून रुग्णांना पाजलं आणि हजारोंचे प्राण वाचले. त्यांना सुचवणारा तूच होतास, असं मी मनापासून मानते.

भाईंदरच्या मिठागरांत आगरी माणसांनी पिढ्यान् पिढ्या उन्हात हेच मीठ पिकवलं. त्या कष्टांना तुझा आशीर्वाद असू दे.

आता पावसाळा आहे. गटाराशेजारून जाणाऱ्या पाइपांतलं पाणी स्वच्छ राहू दे. ज्या घरात लेकराला जुलाब लागलेत, तिथे "पाणी देऊ नका, आणखी जुलाब होतील" हा जुना समज पुसून टाक. ओआरएसचं पाकीट हाताशी असू दे. नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण आईला बिनचूक आठवू दे. बाळ उलटी करेल. थोडं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजायचा धीर तिला दे. अंगावरचं दूध तिने तोडू नये.

आणि बाळाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली, ते प्यायचंच बंद झालं, तर घरच्यांना सकाळची वाट पाहू देऊ नकोस. भर पावसात, मध्यरात्रीही त्यांना रिक्षा मिळू दे, आणि दवाखान्याचं दार उघडं असू दे.