एक केरसुणी

दिवाळीची झाडलोट निघाली की घरातल्या ट्रंका उघडतात आणि जुन्या कपड्यांचे एक गाठोडे हमखास निघते. ‘कुणाला तरी उपयोगी पडेल’ असे म्हणून आपण ते बाजूला ठेवतो. मीही हे अनेकदा म्हटले आहे. पण आता म्हणताना जीभ अडखळते. हा ‘कुणीतरी’ कोण, आणि त्याला हे हवे आहे हे मला कसे कळले?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा दोघीही पात्र सोडून धावल्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची; त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी गावांना वेढा पडला. आमचे गाव उंचावर, म्हणून माणसे आमच्याकडे आली आणि शाळेचे वर्ग ही त्यांची घरे झाली.

मदत उदंड आली. कपड्यांचा तर डोंगर झाला. त्यात कुणाचा लग्नातला कोट होता, बटणे तुटलेले सदरे होते, विटलेल्या जरीच्या साड्या होत्या. माझे गाठोडेही त्यातच होते, आणि ते वाटताना मला स्वतःचे फार बरे वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

सातवीच्या वर्गात एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मी साडी पुढे केली.

“नको गुरुजी, दोन मिळाल्यात. एक केरसुणी आसंल तर बघा.”

“केरसुणी कशाला, आजी? शिपाई झाडतो की!”

“त्यो झाडतोय. पर आपुन ऱ्हातोय ती जागा आपुन झाडाय नको व्हय?”

मी साडी खाली ठेवली. त्यानंतर मी प्रथमच विचारीत फिरलो. एकाच्या दोन म्हशी रस्त्याकडेला उपाशी उभ्या होत्या; त्याला वैरण हवी होती. एकाला भिजलेल्या रेशनकार्डाची चिंता होती. मुलींनी बाईंच्या कानात जे सांगितले, ते एकाही गाठोड्यात नव्हते. चार दिवस आम्ही देत होतो; विचारले मात्र कुणीच नव्हते.

कुणी म्हणेल, बुडणाऱ्याला का विचारीत बसायचे? खरे आहे. होडी, पाणी, भाकरी, औषध यांना प्रश्न लागत नाही. पण माणूस कोरड्या जमिनीवर आल्यावरही आपण विचारीत नाही, तेव्हा घाईचे कारण संपलेले असते. उरतो तो आपला अहंकार. दान सत्पात्री असावे, असे आपण मोठ्या तोंडाने सांगतो. म्हणजे परीक्षा घ्यायची ती घेणाऱ्याची! देणाऱ्याला काही ठाऊक आहे का, हे कोण तपासणार?

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातली हजारो कुटुंबे उघड्यावर आली. पुढे त्यांच्यासाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येकींच्या नावात ‘पूरग्रस्त’ हा शब्द राहिला. पाणी ओसरते, शब्द ओसरत नाही. व्याकरणाच्या मास्तराने सांगायचे तर, कालचा कर्ता एका रात्रीत कर्म होतो. त्याला वाचवले जाते, जेवू घातले जाते, हलवले जाते. त्या म्हातारीला केरसुणी हवी होती ती पुन्हा कर्ता होण्यासाठी.

मी केरसुणी नेऊन दिली. वैरण मात्र दोन दिवस मिळाली नाही, आणि त्या माणसाला तसे सांगताना मान खाली गेली. तरी ‘इचारलंसा, लई झालं,’ असे तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या दाराशी जाताच आतून आवाज आला, “गुरुजी, पायताण भाईर!”

माझ्याच वर्गाबाहेर मी मुकाट्याने चपला काढल्या.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. मला आता त्या वेळी ती म्हातारी आठवते. यंदाचे गाठोडे अजून कोपऱ्यातच आहे. आधी कुणाला तरी विचारून यायचे आहे.